शहरी ट्राममार्ग आणि रस्त्यावरील रहदारी : विलगीकरणाच्या प्रश्नाचे विवेचन

मुंबईच्या रस्त्यांवर ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम प्रथम धावली. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, आणि ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही अखेरची फेरी पूर्ण करून ट्राम या शहरातून नाहीशी झाली. ‘दादर टी. टी.’ या नावातील दोन अक्षरे ‘ट्राम टर्मिनस’ या शब्दांची आहेत, हे आता अनेकांना सांगावे लागते. विसाव्या शतकाच्या मध्यास जगातील कितीतरी शहरांनी ट्राम मोडीत काढली. त्या वेळी जी कारणे पुढे करण्यात आली त्यांपैकी एक बहुतेक सर्वत्र आढळते : ट्राम मंद आहे आणि ती इतर रहदारीस अडथळा करते. वरवर पाहता हे विधान अनुभवसिद्ध वाटते. परंतु मंदपणा हा त्या वाहनाचा अंगभूत गुण आहे, की त्या वाहनास रस्त्यावर दिलेल्या जागेचा परिणाम आहे, हे स्वतंत्रपणे तपासल्यावाचून त्या विधानाची सत्यता ठरविता येत नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचे विवेचन करावयाचे आहे.

१. विलगीकरणाच्या तीन श्रेणी

सार्वजनिक वाहनाच्या मार्गाचे वर्गीकरण, तो मार्ग इतर रहदारीपासून कितपत अलग आहे या कसोटीवर, तीन श्रेणींत करण्याची पद्धत रूढ आहे. वुकान वुचिच यांनी नागरी वाहतुकीवरील १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती पद्धतशीरपणे मांडली. ‘क’ श्रेणीत रूळ रस्त्याच्या पृष्ठभागातच बसविलेले असतात व मोटारी, सायकली, हातगाड्या आणि पादचारी यांच्या गर्दीतूनच गाडीस वाट काढावी लागते. ‘ब’ श्रेणीत रूळमार्गाच्या दोन्ही बाजूंस कठडा, उंचवटा, झाडांची रांग किंवा हिरवळीचा पट्टा असतो. त्यामुळे रस्त्याच्या लांबीच्या दिशेने इतर वाहने रुळांवर येऊ शकत नाहीत. मात्र चौकांत आडव्या रस्त्याशी रुळांची गाठ पडतेच. ‘अ’ श्रेणीत मार्ग भुयारातून, पुलावरून अथवा कुंपणाआडून जातो आणि त्यास कोणताही रस्ता छेदीत नाही.

ज्यास आज ‘लाइट रेल’ किंवा हलकी रेल्वे म्हणतात, ती मुख्यतः ‘ब’ श्रेणीच्या आधारे उभी आहे. ही संज्ञा अमेरिकेच्या केंद्रीय नागरी वाहतूक प्रशासनाने १९७२ मध्ये रूढ केली. जुनी ट्राम आणि ही नवी रेल्वे यांत गाडीच्या बांधणीचा फरक आहेच. परंतु खरा भेद मार्गाचा आहे. एकच गाडी मिश्र रस्त्यावर धावली तर ती ट्राम ठरते आणि राखीव पट्ट्यावर धावली तर हलकी रेल्वे ठरते, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

‘ब’ श्रेणी ही अलीकडची कल्पना नव्हे. न्यू ऑर्लिन्स येथील सेंट चार्ल्स मार्ग १८३५ पासून चालू असून, त्यावरील गाड्या आजही बऱ्याच अंतरापर्यंत रस्त्याच्या मध्यावरील हिरवळीतून धावतात. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलचे नगर-अभियंते जॉन ब्रोडी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत शहराच्या कडेने नवे रुंद रस्ते आखताना त्यांच्या मध्यभागी ट्रामसाठी स्वतंत्र पट्टे राखून ठेवले होते. उपनगरांत राखीव पट्टा आणि शहराच्या गाभ्यात मात्र मिश्र रस्ता, अशी तेथील स्थिती होती. १९५७ मध्ये लिव्हरपूलची ट्राम बंद झाली. जागा जेथे सहज मिळते तेथे विलगीकरण करावयाचे आणि त्याची निकड जेथे सर्वाधिक असते तेथे ते सोडून द्यावयाचे, हा क्रम पुढेही अनेक शहरांत दिसून येतो.

२. मिश्र रस्त्यावर काय घडते

ट्रामगाडी रुळांना बांधलेली असल्यामुळे तिला बाजूस वळून अडथळा टाळता येत नाही. रस्त्यात एखादी मोटार नादुरुस्त होऊन उभी राहिली, तर बस तिला वळसा घालून पुढे जाते. ट्राम थांबते आणि तिच्यामागील सर्व ट्रामगाड्याही थांबतात. दुसरी मर्यादा गती रोखण्याची. पोलादी चाक व पोलादी रूळ यांमधील घर्षण अल्प असते. त्यामुळेच रुळांवरील वाहनास ओढण्यासाठी ऊर्जा कमी लागते. पण त्याच कारणाने त्यास थांबण्यासाठी अंतर अधिक लागते. ताशी ५० किलोमीटर गतीने जाणारी ट्राम नेहमीच्या पद्धतीने थांबविल्यास सुमारे ८० मीटर पुढे जाऊन थांबते. रुळांस चिकटणारे विद्युत्-चुंबकीय ब्रेक संकटसमयी वापरले तर हे अंतर ४० मीटरांच्या आसपास येते. कोरड्या रस्त्यावरील मोटारीस मात्र १५ मीटर पुरतात. यास्तव मिश्र रस्त्यावर ट्रामचालकास गाडीची शक्ती कितीही असली तरी सावधपणे, कमी गतीनेच चालवावे लागते.

तथापि सरासरी गती कमी होणे हा त्यातील लहान तोटा होय. मोठा तोटा अनियमिततेचा आहे. दर पाच मिनिटांनी एक गाडी सुटावयाची आहे असे समजू. पहिली गाडी एका चौकात तीन मिनिटे अडकली, तर पुढील थांब्यावर तिला नेहमीपेक्षा अधिक उतारू मिळतात. त्यांच्या चढण्या-उतरण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून ती आणखी मागे पडते. तिच्या पाठोपाठ येणाऱ्या गाडीस थांब्यांवर थोडेच उतारू मिळत असल्याने ती वेगाने पुढे सरकते व अखेर पहिलीस येऊन मिळते. रुळांवर एक गाडी दुसरीस ओलांडू शकत नाही. परिणामी दहा-बारा मिनिटे एकही गाडी नाही आणि नंतर एकापाठोपाठ एक दोन-तीन गाड्या, त्यांपैकी पहिली खचाखच भरलेली व शेवटची रिकामी, असे दृश्य दिसते. उतारूंच्या दृष्टीने ही अनिश्चितता मंदगतीपेक्षा अधिक त्रासदायक असते.

या दोषाची किंमत चालक संस्थेसही मोजावी लागते. १० किलोमीटर लांबीचा मार्ग घेतला आणि सरासरी गती ताशी १२ किलोमीटर धरली, तर एका दिशेस ५० मिनिटे लागतात. प्रत्येक टोकास १० मिनिटांचा विश्राम धरल्यास पूर्ण फेरा १२० मिनिटांचा होतो. दर पाच मिनिटांनी गाडी सोडण्यासाठी अशा २४ गाड्या आणि तितकेच चालक लागतात. विलगीकरणामुळे सरासरी गती ताशी २० किलोमीटर झाली, तर एका दिशेचा वेळ ३० मिनिटे व पूर्ण फेरा ८० मिनिटांचा होतो. तेव्हा तीच सेवा १६ गाड्यांत भागते. टोकाचा विश्राम हा मुख्यतः झालेला उशीर भरून काढण्यासाठी ठेवलेला असतो. गाड्या नियमित धावू लागल्यास तो निम्मा करता येतो आणि मग १४ गाड्या पुरतात. मिश्र रस्त्यावरील ट्राम तोट्यात चालते असे म्हणताना, त्या तोट्याचा केवढा वाटा रस्त्यावरील इतर वाहनांनी तिच्यावर लादलेला आहे, हे हिशेबात सहसा दाखविले जात नाही.

राखीव पट्ट्यामुळे मोटारींची जागा जाते, हा आक्षेपही याच ठिकाणी तपासणे योग्य होईल. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्याच्या एका पट्ट्यावरून तासाभरात साधारणतः ७०० ते ८०० मोटारी जाऊ शकतात. प्रत्येकीत दोन माणसे धरली तरी ही संख्या १५०० च्या आसपास येते. दर तीन मिनिटांनी २०० उतारूंची एक ट्राम सोडल्यास त्याच रुंदीतून तासाला ४००० माणसे जातात. रस्त्याची क्षमता वाहनांच्या संख्येने मोजावी की माणसांच्या, यावर उत्तर अवलंबून आहे.

३. चौक आणि थांबा

कठडा बांधला म्हणजे विलगीकरण पूर्ण झाले, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ‘ब’ श्रेणीतील मार्गाचे यशापयश चौकांत ठरते. रूळ रस्त्याच्या मध्यावर असतात. भारतात वाहने डावीकडून चालतात. म्हणून ट्रामच्या समांतर जाणारी मोटार उजवीकडे वळू लागली की तिला रूळ ओलांडावे लागतात, आणि मागून येणारी ट्राम तिच्या चालकास सहज दिसत नाही. अमेरिकेत हीच अडचण डाव्या वळणाची आहे. लॉस एंजेलिस ते लाँग बीच या १९९० मध्ये सुरू झालेल्या मार्गावर अशा टकरी इतक्या घडल्या की पुढे चारही बाजूंस फाटके, वळणासाठी वेगळे सिग्नल आणि छायाचित्रांद्वारे नियमभंगाची नोंद असे उपाय क्रमाने योजावे लागले.

मेलबर्नने याच अडचणीवर निराळा तोडगा काढला. ऑस्ट्रेलियातही वाहने डावीकडून चालतात. मेलबर्नच्या मध्यवर्ती भागातील नेमलेल्या चौकांत उजवीकडे वळणारी मोटार रुळांवर थांबत नाही. ती चौकात अगदी डाव्या कडेस जाऊन उभी राहते आणि आडव्या रस्त्याचा दिवा बदलण्याच्या वेळी वळते. नवख्या चालकास ही पद्धत विचित्र वाटते, परंतु तिच्यामुळे रूळ मोकळे राहतात. अर्थात हा उपाय आंशिक आहे. मेलबर्नच्या ट्राममार्गांची लांबी सुमारे २५० किलोमीटर असून त्यातील जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग आजही इतर रहदारीबरोबर वाटून घेतलेला आहे, आणि तेथील ट्रामची सरासरी गती ताशी १६ किलोमीटरच्या आसपास आहे. उलटपक्षी, त्याच शहरातील सेंट किल्डा व पोर्ट मेलबर्न हे दोन जुने रेल्वेमार्ग १९८७ मध्ये हलक्या रेल्वेत रूपांतरित करण्यात आले. पूर्वीच्या रेल्वेची स्वतंत्र जमीन त्यांना आयतीच मिळाल्याने तेथे गाड्या विनाव्यत्यय धावतात.

थांब्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. रूळ मध्यावर आणि पदपथ कडेला असल्यामुळे मिश्र रस्त्यावरील उतारूस चालत्या मोटारींच्या पट्ट्यातून गाडीपर्यंत जावे लागते. वृद्ध, लहान मुले आणि सामान घेतलेली माणसे यांना हा धोका सर्वाधिक. राखीव मार्गावर रुळांलगत उंच फलाट बांधता येतो. गाडीची पायरी फलाटाच्या पातळीस आली की चढण्या-उतरण्याचा वेळ कमी होतो आणि चाकांच्या खुर्चीतील उतारूही कोणाच्या मदतीवाचून आत जाऊ शकतो. विलगीकरणाचा हा लाभ गतीच्या आकड्यांत दिसत नाही, परंतु सार्वजनिक वाहन कोणाकोणास वापरता येते हे त्यावरून ठरते.

४. भुयाराचा उपाय

रस्त्यावर जागा नसेल तर ट्राम जमिनीखाली न्यावी, हा विचार जुना आहे. बोस्टनमध्ये ट्रेमाँट रस्त्यावर ट्रामगाड्यांची कोंडी असह्य झाल्यावर तेथे १८९७ मध्ये ट्रामसाठी भुयार उघडण्यात आले. उत्तर अमेरिकेतील ते पहिले भुयार होय. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या वाढू लागताच पश्चिम जर्मनीतील शहरांनी हा मार्ग धरला. स्टुटगार्टमध्ये १९६६ साली, तर फ्रँकफुर्ट व कोलोन येथे १९६८ साली ट्राम भुयारांतून धावू लागल्या. ब्रुसेल्समध्ये १९६९ मध्ये मेट्रोसाठी बांधलेल्या भुयारांत प्रथम ट्राम सोडण्यात आल्या आणि १९७६ मध्ये त्या मार्गावर मेट्रो सुरू झाली. गाभ्यात ‘अ’, त्याभोवती ‘ब’ आणि उपनगरांच्या टोकांस क्वचित ‘क’, असा टप्प्याटप्प्याने सुधारत नेण्याचा हा क्रम होता. एकदम सर्व मार्ग बांधण्याचे भांडवल नसलेल्या शहरास तो सोयीचा ठरला.

तरीही भुयाराचे दोन परिणाम लक्षात घेतले पाहिजेत. खर्च अनेक पटींनी वाढतो. म्हणून तेवढ्याच पैशात होणाऱ्या मार्गाची लांबी घटते. शिवाय उतारूस जिने उतरून खाली जावे लागते आणि जवळच्या प्रवासात वाचलेला वेळ तेथेच खर्ची पडतो. आणखी एक गोष्ट अशी की, ट्राम खाली गेल्यावर मोकळी झालेली वरची जागा बहुधा मोटारींच्याच वाट्यास येते. म्हणजे विलगीकरणाचा खर्च सार्वजनिक वाहतुकीच्या नावे पडतो आणि रस्त्याचा लाभ खासगी वाहनांस मिळतो.

५. झुरिकचा निर्णय

हा युक्तिवाद झुरिकच्या मतदारांपुढे प्रत्यक्ष निर्णयासाठी आला होता. शहराच्या मध्यभागातील ट्राम भुयारात नेण्याची योजना १९६२ मध्ये सार्वमताने फेटाळण्यात आली. त्यानंतर भुयारी रेल्वेची अधिक व्यापक योजना पुढे आली; तीही १९७३ मध्ये मतदारांनी नाकारली. १९७७ मध्ये मात्र रस्त्यावरील ट्राम व बस यांची गती वाढविण्यासाठी दहा वर्षांत २० कोटी फ्रँक खर्च करण्यास मतदारांनी संमती दिली.

हा पैसा एखाद्या भव्य बांधकामाऐवजी शेकडो लहान कामांवर खर्च झाला. जेथे शक्य तेथे रुळांना कठड्याने वेगळे केले गेले. काही ठिकाणी मोटारी उभ्या करण्याची जागा काढून घेण्यात आली, तर काही चौकांत रूळ ओलांडून वळण्यास बंदी झाली. जेथे रस्ता अरुंद आणि कठडा अशक्य होता, तेथे सिग्नलचा उपयोग करण्यात आला. चौकापासून काही अंतरावर रुळांजवळ बसविलेले यंत्र ट्राम येत असल्याची सूचना देते आणि ट्राम चौकात पोहोचण्याच्या क्षणी तिच्यासाठी दिवा मोकळा होतो. ती निघून गेली की तो पुन्हा इतरांकडे वळतो. नेमक्या क्षणी दिले गेलेले हे काही सेकंद आडव्या रहदारीचा फारसा वेळ घेत नाहीत. याशिवाय गाभ्याकडे येणाऱ्या मोटारी शहराच्या कडेवरील सिग्नलांवर आवश्यकतेनुसार रोखून धरल्या जातात, म्हणजे रांग लागली तर ती ट्रामच्या वाटेत न लागता बाहेर लागते. जागेने होणाऱ्या विलगीकरणास येथे वेळेच्या विलगीकरणाची जोड मिळाली, आणि हेच झुरिकच्या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय.

फेटाळलेल्या भुयारी योजनेसाठी श्वामेंडिंगेन उपनगराकडे एक तुकडा आधीच बांधून झाला होता. तोही वाया गेला नाही. १९८६ पासून त्यातून ट्राम धावू लागली. त्या भुयारातील फलाट दोन्ही रुळांच्या मध्ये असून झुरिकच्या ट्रामची दारे केवळ उजव्या बाजूस असतात. म्हणून भुयारापुरत्या गाड्या डावीकडून धावतात. प्रयोजन स्पष्ट असले म्हणजे साधनांचा मेळ कसा घालता येतो, याचे हे लहानसे उदाहरण आहे.

कठड्याविना केवळ नियमाने विलगीकरण करण्याचा प्रयत्न टोरांटोनेही केला. तेथील किंग रस्त्यावर २०१७ पासून बहुतेक चौकांत मोटारींना सरळ जाण्यास मनाई करून उजवीकडे वळणे भाग पाडण्यात आले आणि २०१९ मध्ये ही व्यवस्था कायम करण्यात आली. रस्ता तोच आणि रूळही तेच राहिले. तरी गाड्या अधिक नियमित धावू लागल्या व उतारू वाढले. परंतु नियमावर आधारलेली व्यवस्था अंमलबजावणीवर टिकून असते, हेही पुढील वर्षांत नियमभंग वाढल्यावर तेथे प्रत्ययास आले.

६. कोलकात्याचा उलटा प्रवास

कोलकात्याचा इतिहास या सर्वांच्या विरुद्ध दिशेचा आहे. तेथे विजेची ट्राम १९०२ मध्ये सुरू झाली. मैदानाच्या हिरवळीतून खिदिरपूरकडे जाणारा मार्ग रहदारीपासून पूर्णपणे अलिप्त होता, आणि दक्षिण कोलकात्यात रासबिहारी ॲव्हेन्यूसारख्या रुंद रस्त्यांच्या मध्यावर झाडांच्या सावलीत राखीव रूळ होते. म्हणजे ज्या ‘ब’ श्रेणीसाठी इतर शहरांनी पुढे कोट्यवधी खर्च केले, ती कोलकात्याजवळ वारशाने आलेली होती. मोटारींची संख्या वाढू लागल्यावर मात्र हे पट्टे रस्त्यात सामील करून घेण्यात आले. विसाव्या शतकाची अखेर आणि एकविसाव्या शतकाचा आरंभ या काळात अनेक ठिकाणी रुळांभोवती काँक्रीट घालून इतर वाहनांस त्यावरून जाण्याची मुभा देण्यात आली. थांब्यांवरील सुरक्षित जागा त्यासोबत नाहीशी झाली, आणि उतारूंस चालत्या वाहनांमधून गाडी गाठावी लागू लागली.

यानंतर ट्राम मंद झाली यात नवल नाही. उतारू घटले, गाड्या कमी झाल्या, एकेक मार्ग बंद पडत गेला. रुळांवरून घसरणाऱ्या दुचाकींची तक्रारही पुढे आली. वास्तविक दुचाकी रुळांवर आल्या त्या राखीव पट्टा मोडल्यामुळे. सप्टेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगाल शासनाने एस्प्लनेड ते मैदान हा वारसा म्हणून जपावयाचा मार्ग वगळता ट्राम बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. ट्राम मंद असून तिच्यामुळे कोंडी होते, हे कारण त्या वेळी देण्यात आले. शहराच्या क्षेत्रफळाच्या मानाने रस्त्यांची जागा फार थोडी आहे, हेही सांगण्यात आले, आणि ते खरेही आहे. परंतु जागा जितकी थोडी तितकी ती अधिक माणसे वाहून नेणाऱ्या साधनास देणे सयुक्तिक ठरते. वर दिलेला उतारूंचा हिशेब याच निष्कर्षाकडे नेतो. येथे कार्य आणि कारण यांचा क्रम उलटला गेला आहे. स्वतंत्र मार्ग काढून घेतल्याने जो मंदपणा उत्पन्न झाला, तोच पुढे ट्राम काढून टाकण्याचे कारण ठरला.

७. समारोप

उपरिनिर्दिष्ट उदाहरणांवरून काही निष्कर्ष काढता येतात. ट्रामची मंदगती ही मुख्यतः तिच्या मार्गाच्या श्रेणीवर अवलंबून असते. ‘क’ श्रेणीतून ‘ब’ श्रेणीत जाताना नियमितपणाचा जो लाभ होतो, तो ‘ब’ मधून ‘अ’ मध्ये जाण्याच्या मानाने पुष्कळ स्वस्तात मिळतो. मात्र चौकांतील अग्रक्रम आणि थांब्यांची रचना त्यासोबत आली पाहिजे. तिसरी गोष्ट अशी की, मिळालेले विलगीकरण कायम टिकेलच असे नाही. ते राखण्यास जितका निर्धार लागतो, तितकाच ते निर्माण करण्यासही लागतो.

महाराष्ट्रापुरते पाहता एक गोष्ट विशेष जाणवते. मुंबईची १९६४ पर्यंतची ट्राम बहुतांशी ‘क’ श्रेणीची होती. मुंबईत २०१४, नागपुरात २०१९ आणि पुण्यात २०२२ मध्ये सुरू झालेली मेट्रो ‘अ’ श्रेणीची आहे. मधली श्रेणी रुळांच्या रूपाने या शहरांत अजमावली गेली असे म्हणता येत नाही. पुण्यात कात्रज-स्वारगेट रस्त्यावर २००६ मध्ये बससाठी जो वेगळा पट्टा आखला गेला, त्यात दुचाकी व मोटारी शिरत राहिल्या, आणि चौकांत व थांब्यांवर अडचणी कायम राहिल्या. त्या अनुभवावरून राखीव पट्ट्याची कल्पनाच आपल्या रस्त्यांस मानवत नाही, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो घाईचा वाटतो. त्या पट्ट्यावर कल्पनेचा कस लागला की अंमलबजावणीचा, हे आधी ठरवावे लागेल. आणि ते ठरविण्यासाठी एकेका चौकात किती वेळ गेला, एकेका थांब्यावर किती उतारू चढले आणि किती वाहने पट्ट्यात शिरली, यांची प्रत्यक्ष मोजणी हाती असावयास हवी. असे काम पदव्युत्तर अभ्यासाच्या आवाक्यातील आहे, आणि कोलकात्याप्रमाणे पुढील निर्णय झाल्यानंतर ते करण्यापेक्षा आधी केलेले बरे.